कुत्र्याची केसनिगा : खरारा आधी, आंघोळ मागाहून

कुत्र्याच्या अंगावर साधारणपणे दोन थर असतात. वरचे केस लांब, राठ आणि तुकतुकीत. पाऊस, धूळ आणि काटेकुटे ते अडवतात. त्यांच्या मुळाशी बारीक, मऊ, किंचित कुरळी लव असते. लवेत हवा अडकून राहते आणि थंडीत कातडी ऊबदार राहते. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून बहुधा एकदोनच केस उगवतात. कुत्र्याच्या एका छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती लवेचा झुबका, असा जुडगाच बाहेर येतो. घरी केसनिगा करताना काय करायचे आणि काय टाळायचे, हे बऱ्याच अंशी या दोन थरांवरून ठरते.

सगळ्या कुत्र्यांत हे थर सारखे नसतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाट, वारासिवनी, लांजी भागातल्या कोणत्याही गल्लीत दिसणाऱ्या गावठी कुत्र्याचे केस आखूड आणि अंगासरशी बसलेले असतात, लव बेताचीच. या हवेला त्याच्याइतका योग्य केसांचा कुत्रा दुसरा नाही. लॅब्राडॉरचे केसही आखूडच दिसतात, पण त्याखाली दाट, पाणी न शिरू देणारी लव असते; म्हणून ‘याचे केस गळत नसतील’ या समजुतीने लॅब्राडॉर आणणाऱ्या घरात महिनाभरातच सोफा पांढरा होतो. जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हर याच वर्गातले, फक्त केस अधिक लांब. आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून ओळखला जाणारा पांढरा झुपकेदार कुत्रा खरे तर इंडियन स्पिट्झ. 1994 सालच्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. त्याची मानेभोवतीची आयाळ आणि शेपटीचा तुरा हे गुंत्याचे हमखास ठिकाण. पग हा गुळगुळीत दिसणारा कुत्राही भरपूर केस गाळतो. शिवाय त्याच्या तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. शिह त्झू, ल्हासा आप्सो, पूडल यांचे केस मात्र माणसासारखे बराच काळ वाढत राहतात. ते गळतात कमी, पण विंचरले नाहीत तर अंगावरच जटा धरतात आणि दर दीड-दोन महिन्यांनी कापावेच लागतात. सायबेरियन हस्कीचे नाव शेवटी घ्यायचे ते इशाऱ्यासाठी. बर्फात झोपण्यासाठी वाढलेली त्याची लव वैनगंगेच्या खोऱ्यातल्या मे महिन्यात कोणत्याही ब्रशने सोयीची करता येत नाही. तो पाळण्याचा हट्ट न धरणेच बरे.

केस गळणे हा आजार नव्हे. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग सुटतो. लवेचे हे चक्र मुख्यतः दिवसाच्या लांबी-आखूडपणावर चालते. फाल्गुन-चैत्रात हिवाळी लव झुबक्यांनी निघू लागते, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा अंग पालटते. रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली राहणाऱ्या घरातल्या कुत्र्यांचे हे ऋतुमान बिघडते आणि ती वर्षभर थोडे थोडे केस गाळत राहतात. गळती सगळ्या अंगावर सारखी असेल आणि खालची कातडी स्वच्छ, गुलाबी किंवा काळसर पण गुळगुळीत असेल, तर काळजीचे कारण नाही. चकत्या पडल्या, कोंडा झाला, वास येऊ लागला किंवा कुत्रा सारखा खाजवू लागला, तर तो गळतीचा नव्हे, कातडीचा प्रश्न असतो.

या कातडीबद्दल एक गोष्ट माहीत असली की पुष्कळ चुका टळतात. केसांच्या आच्छादनाखाली असल्यामुळे कुत्र्याच्या कातडीचा वरचा पापुद्रा माणसाच्या मानाने फार पातळ असतो. जेमतेम तीन ते पाच पेशींचा. माणसाचा दहा-पंधरा पेशींचा. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची जवळजवळ उदासीन. माणसांसाठीचा साबण किंवा शाम्पू म्हणूनच त्याला मानवत नाही. भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण तर नाहीच नाही. कुत्र्याला घामही अंगाला येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गाद्यांत असतात आणि अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. ‘घामाचा वास येतो म्हणून आंघोळ’ हे कारण त्याला लागूच पडत नाही. केसांवर एक पातळ तेलकट लेप असतो, तो कातडीचे रक्षण करतो. दर रविवारी साबण लावून तो धुऊन काढला की कातडी कोरडी पडते, खाज सुटते, आणि खाज सुटली म्हणून पुन्हा आंघोळ घातली जाते.

त्यामुळे घरच्या केसनिगेत पहिला मान ब्रशचा आणि कंगव्याचा. पोळ्याच्या आधी बैलाला धुण्याबरोबर खरारा करणाऱ्या भागात हे वेगळे सांगायची गरज पडू नये, पण कुत्र्याच्या बाबतीत खरारा विसरला जातो आणि बादलीच तेवढी आठवते. पोलिसांच्या आणि लष्कराच्या श्वानपथकांत रोजचा ब्रश हा कुत्र्याच्या दिनक्रमाचा भाग असतो, आणि त्यात सौंदर्याचा हेतू दुय्यम. हात रोज सगळ्या अंगावरून फिरला की जखम, सूज, काटा किंवा गोचीड पहिल्याच दिवशी सापडते.

साधने फार लागत नाहीत. आखूड केसांच्या कुत्र्याला खाचा असलेला रबरी ब्रश किंवा तसलाच हातमोजा पुरतो. आठवड्यातून दोनदा, गोल गोल फिरवत, मग केसांच्या दिशेने. दाट लवेच्या कुत्र्यासाठी बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि लांब दातांची, लव ओढून काढणारी दाताळी हवी. लांब केसांच्या कुत्र्याला यांखेरीज एक स्टीलचा कंगवा, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दातांचा. स्लिकर ब्रश दाबून फिरवला तर कातडी सोलते. तो किती जोरात चालतो आहे हे आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावे. तिथे ओरखडा उठला तर कुत्र्याच्या पोटावरही उठणार. केस ओढून लव काढणाऱ्या धारदार पात्यांच्या साधनांचा मोह बाजारात फार पडतो. ढीगभर केस निघाल्याचे समाधान त्यांतून मिळते खरे, पण एकाच जागी वारंवार फिरवल्यास वरचे चांगले केसही तुटतात.

स्पिट्झ किंवा गोल्डनसारख्या कुत्र्याला वरवर ब्रश फिरवणे हा सगळ्यांत प्रचलित दोष. वरचे केस चमकतात आणि खाली लवेचा नमदा तयार होत असतो. याला उपाय म्हणजे भांग पाडत विंचरणे. कुत्र्याला कुशीवर झोपवावे. मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून डाव्या हाताने वरचे केस उलटे धरावेत, कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून खाली, थोडे थोडे केस सोडत ब्रश करावा. एक रेघ संपली की बोटभर वर दुसरी. पोट, बरगड्या, खांदा, मान असे चढत जावे. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवून पाहावा. तो न अडकता निघाला तर काम झाले. अडकला तर तिथे गुंता आहे, ब्रशने कितीही फसवले तरी. कानांच्या मागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी गुंते आधी होतात, कारण तिथे घर्षण आणि ओल दोन्ही असतात.

गुंता सोडवताना तो ओढायचा नसतो. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळले की केस एकमेकांवरून घसरू लागतात. मग गुंत्याच्या मुळाशी, कातडीजवळ, डाव्या हाताची दोन बोटे घट्ट धरावीत, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून आत येत कंगव्याच्या कोपऱ्याने थोडे थोडे केस मोकळे करावेत. कात्रीचे काम शक्यतो टाळावे. गुंत्यात कातडी ओढली जाऊन तंबूसारखी वर आलेली असते आणि कात्री नेमकी तिच्यावरून जाते. जनावरांच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या अशा जखमा बहुतेक घरच्या कात्रीच्याच असतात. कापणे भागच असेल तर आधी कंगवा कातडी आणि गुंता यांच्यामध्ये सरकवावा आणि कंगव्याच्या वरच्या बाजूने कापावे. सगळे अंगच नमद्यासारखे झाले असेल, तर घरी झटापट न करता मशीनने केस उतरवून घेणे हे कुत्र्यावरचे उपकार.

हे सगळे आंघोळीच्या आधी. गुंता भिजला की आवळतो आणि वाळल्यावर दगड होतो. त्याच्या आत साबण अडकतो, ओल टिकते. आधी आंघोळ आणि मग ब्रश हा क्रम म्हणूनच उलटा आहे.

बालाघाट हा मध्य प्रदेशातल्या सर्वाधिक वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. बाजूने वैनगंगा, सगळीकडे धानाच्या बांध्या, पूर्वेला बैहरचे पठार आणि त्यापलीकडे कान्हा. कुत्र्याच्या अंगावर हा सगळा भूगोल चिकटून घरी येतो. पावसाळा संपला की धुऱ्यांवरचे गवत पिकते आणि कुसळांचा काळ सुरू होतो. कुसळीच्या बीचे टोक सुईसारखे असते, त्यावर मागे वळलेले राठ केस असतात आणि मागे पिळदार शेपूट. ओल लागली की शेपटीचा पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा वळतो. या हालचालीने बी मातीत स्वतःला रुतवून घेते. कुत्र्याच्या केसांत शिरलेले कुसळही तसेच पुढे पुढे जाते, मागे येत नाही. पंजाच्या बोटांमध्ये शिरले तर तिथे सूज येऊन पू होतो. कानात गेले तर कुत्रा एकदम डोके झटकू लागतो आणि मान एका बाजूला कलती ठेवतो. ते चिमट्याने खोल शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरकडे नेणे शहाणपणाचे. आघाड्याची फळे चिकटतात त्यांचा त्रास कमी, पण लांब केसांत त्यांच्याभोवती गुंता लवकर बनतो. ऑक्टोबर ते डिसेंबरात फिरून आल्यावर दारातच बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानांच्या पाळ्या तपासण्यास दोन मिनिटे पुरतात. लांब केसांच्या कुत्र्याच्या पंजाखालचे केस या दिवसांत गाद्यांच्या पातळीपर्यंत कापून ठेवावेत. चिखलाचे गोळेही मग अडकत नाहीत.

गोचिडींचे काम अधिक गंभीर. भारतात कुत्र्यांवर सर्वाधिक आढळणारी तपकिरी गोचीड उष्ण हवेत वर्षभर वाढते, पावसाळ्यात आणि त्यानंतर विशेष. हाताला ती आधी बारीक खड्यासारखी लागते. रक्त पिऊन फुगलेली मादी राखाडी, एरंडाच्या बीएवढी होते. कानाच्या पाळीच्या आत, पट्ट्याखाली, बोटांमध्ये, शेपटीखाली ती बसते. (पोटावरचे स्तनाग्र हीच गोचीड समजून ओढणारेही असतात, आणि तो कुत्रा नर असेल तर चूक हमखास होते. चारही बाजूंनी केस बाजूला करून पाय दिसतात का ते पाहावे.) काढताना टोकदार चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ, सावकाश वर ओढावे. रॉकेल, तेल किंवा पेटती काडी लावू नये; त्रासलेली गोचीड पोटातला ऐवज कुत्र्याच्या रक्तात परत ओकू शकते. काढलेली गोचीड नखांनी चिरडू नये, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसियासारखे रक्ताचे आजार कुत्र्याला होतात, आणि टिक टायफससारखा ताप क्वचित माणसालाही. ताप, सुस्ती, अन्न टाकणे, हिरड्या पांढुरक्या दिसणे, नाकातून रक्त येणे ही लक्षणे गोचिडीच्या हंगामात दिसली, तर तपासणीला उशीर करू नये.

अंगावरच्या गोचिडी वेचून काम संपत नाही. पोट भरलेली मादी अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, कौलांच्या वाशात, खाटेच्या सांध्यात हजारो अंडी घालते. कुत्र्याला औषध आणि त्याच्या झोपण्याच्या जागेला सफाई, दोन्ही एकाच वेळी व्हायला हवे. बसण्याचे पोते उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावे, भेगा बुजवाव्यात. मानेवर टाकायचे थेंब, गोळी किंवा पट्टा यांपैकी काय वापरायचे ते वजन आणि वय पाहून डॉक्टर ठरवतात. थेंबांच्या आधी आणि नंतर साधारण दोन दिवस आंघोळ घालू नये, नाहीतर औषध पसरायला तेलकट लेपच उरत नाही. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराजवळ फिरकू देऊ नये. ते मांजराला विषारी आहे. पिसवा मात्र सहसा दिसत नाहीत, त्यांची विष्ठा दिसते. शेपटीच्या मुळाशी काळे बारीक कण सापडले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर घ्यावेत. तांबडा डाग उमटला तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसवा आहेतच.

आंघोळ बहुतेक कुत्र्यांना महिना-दीड महिन्याने पुरते. आखूड केसांच्या, स्वच्छ राहणाऱ्या कुत्र्याला त्याहूनही विरळा. पाणी कोमट असावे. कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे आपल्या हाताला कडकडीत वाटणारे पाणी त्याला नको आणि जानेवारीतले हापशाचे पाणीही नको. कानात कापसाचा बोळा सैल बसवावा, आंघोळीनंतर काढायला विसरू नये. मानेपासून खाली भिजवत जावे. दाट लवेत पाणी कातडीपर्यंत पोचायला वेळ लागतो, वरचे केस भिजले म्हणजे कुत्रा भिजला असे नव्हे. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून ओतावा, म्हणजे सगळीकडे सारखा लागतो आणि निघतोही लवकर. औषधी शाम्पू असेल तर तो दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. तोंड ओल्या फडक्याने पुसावे. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला की फार झोंबतो, तेव्हा रिठा वापरायचाच तर तोंडापासून लांब. शाम्पू लावायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तो धुऊन काढायला द्यावा. काखेत आणि पोटाखाली उरलेला साबण हे आंघोळीनंतरच्या खाजेचे साधे कारण असते.

यानंतरचा भाग सगळ्यांत दुर्लक्षित, आणि चौदा-पंधराशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात सगळ्यांत महत्त्वाचा : वाळवणे. मे महिन्यात ओला कुत्रा अंगणात दहा मिनिटांत वाळतो. श्रावणात तो दिवसभर वाळत नाही. लवेत अडकलेली ओल आणि ऊब मिळाली की कातडीवर एरवी निमूट राहणारे जंतू आणि यीस्ट वाढू लागतात. कुबट वास येतो, कातडी तेलकट होते. कधी गालावर किंवा मांडीवर एका रात्रीत तळहाताएवढा ओलसर, लालभडक, केस गळालेला चट्टा उठतो आणि कुत्रा तो चाटून चाटून वाढवतो. म्हणून टॉवेलने घासायचे नाही, घासल्याने लांब केस गुंततात. दाबून दाबून पाणी टिपायचे. एक टॉवेल पुरत नाही, दोन-तीन घ्यावेत. मग पंख्याखाली किंवा हेअर ड्रायरच्या अगदी मंद उष्णतेत, हातभर अंतरावरून, ब्रशने केस उलगडत मुळापर्यंत वाळवावे. ड्रायरचा झोत आपल्या हातावरूनच जाऊ द्यावा; हाताला चटका बसला तर कळते. पावसाळ्यात पूर्ण आंघोळ शक्य तितकी लांबवून चिखलाचे पाय आणि पोट तेवढे धुवावे, पंजांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. नदीत डुंबून आलेल्या कुत्र्यालाही हाच नियम, कान आतून कोरड्या कापसाने टिपून.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार सर्रास होतो. पारा 44-45 वर गेला की स्पिट्झ किंवा जर्मन शेफर्डचे केस दयेपोटी मशीनने मुळापर्यंत उतरवले जातात. दोन थरांचे हे आवरण ऊनही थोपवते. विंचरून मेलेली लव काढली की वरच्या केसांखालून हवा खेळते. सगळेच उतरवले तर पातळ कातडी थेट उन्हात येते, भाजते, आणि काही कुत्र्यांत, विशेषतः स्पिट्झ वर्गात, केस पुढे कित्येक महिने परत येत नाहीत किंवा लोकरीसारखे येतात. पोटाचे केस थोडे आखूड करणे, गुदद्वाराभोवतीचे आणि पंजाखालचे कापणे, एवढे घरी करावे. बाकी उपाय सावली, पाणी, ओली फरशी आणि सकाळ-संध्याकाळचे फिरणे हेच. शिह त्झू आणि पूडल यांचे केस बराच काळ वाढतच राहत असल्यामुळे ते आखूड ठेवायला हरकत नाही, तरी कातडी दिसेपर्यंत नको.

पिल्लाला या सगळ्याची सवय दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून लावता येते. रोज दोन मिनिटे मऊ ब्रश, पंजे हातात धरणे, कान उघडून पाहणे, ड्रायर नुसता लांब चालू ठेवणे, आणि प्रत्येकानंतर खाऊचा तुकडा. मोठ्या झालेल्या, ब्रश पाहताच दात दाखवणाऱ्या कुत्र्याशी जबरदस्ती करून उपयोग नसतो. आज मान, उद्या पाठ, असे तुकड्यातुकड्याने जावे. एकाएकी विशिष्ट जागी हात लावू देत नाही असे झाले, तर तिथे दुखते आहे असे समजावे.

लूत भरलेल्या कुत्र्याला गाडीचे जळके ऑइल चोपडण्याची पद्धत आजही अनेक गावांत आहे. ते कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जाते आणि विषबाधा करते. रॉकेल आणि फिनेलचेही तेच. लूत दोन प्रकारच्या सूक्ष्म किड्यांनी होते. त्यातला एक प्रकार संसर्गजन्य असून घरातल्या माणसांच्याही हातांना आणि पोटाला खाज आणतो; दुसरा केसांच्या मुळांत राहतो, माणसाला लागत नाही, पण बराच काळ टिकतो. गजकर्णाच्या गोल चकत्या बुरशीच्या असतात आणि मुलांना सहज लागतात. तिन्ही दिसायला सारखीच, उपचार मात्र वेगळे. कोणती कोणती हे पात्याने कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर आणि केसांचा नमुना तपासल्यावर ठरते, आणि ही तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. निदान होईपर्यंत त्या कुत्र्याचा ब्रश दुसऱ्याला वापरू नये. वापरलेले ब्रश केस काढून गरम साबणाच्या पाण्यात धुवावेत आणि उन्हात, दाते खाली करून, पूर्ण वाळू द्यावेत.